पावणेआठची बस

१

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं ते पावणेआठच्या बसवरून.

माझ्या नवऱ्याचं, डेसचं म्हणणं असं की म्हाताऱ्यांचा फुकटचा पास साडेनऊनंतर चालतो, तेव्हा साडेनऊच्या आत बसमध्ये पाय ठेवणारा म्हातारा मूर्ख असतो. माझं म्हणणं, ऑक्टोबर सरत आलाय, दिवस लहान झालाय आणि तीन गावं बघायचीत, तर एक दिवस तिकीट काढून लवकर निघू.

"तिकीट?" डेस म्हणाला. अंड्यावर मीठ भुरभुरवणारा त्याचा हात तसाच थांबला. "बसचं?"

"हो, बसचं. लोक काढतात."

"लोक काहीही करतात, ऑड्री. लोक स्पेनला जातात."

चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेच्या मीटरचे आकडे वाचलेला माणूस हा. निवृत्त झाला त्या आठवड्यात पास हातात आला आणि त्याने जाहीर केलं की आता अख्खं इंग्लंड बघायचं, पण गावोगावच्या साध्या बसने. आगगाडी नाही, टॅक्सी नाही. सहा वर्षांत आम्ही डर्बीहून निघून तिन्ही दिशांचे समुद्र गाठले होते. राहिला होता हा पूर्वेकडचा, लिंकनशायरचा. त्यासाठीच या बाजाराच्या गावात खोली घेऊन चार दिवस राहिलो होतो.

फेब्रुवारीत त्याला हृदयाचा झटका आला. फिरा, पण धावपळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून जिभेखाली मारायचा औषधाचा फवारा माझ्या पर्समध्ये असतो आणि माझा अर्धा जीव डेसच्या पायांत असतो. याला काही झालं तर माझं काय होईल, हा विचार मी दिवसातून एकदाच करायचा असं ठरवलंय. रोज नियम मोडतो.

"तू म्हणत असशील तर जाऊ," तो शेवटी म्हणाला आणि कोट घ्यायला उठलासुद्धा. तो असाच आहे. आधी जगभर वाद घालेल आणि मग ऐकेल. पण उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला, तो मला आवडला नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "बस खाली. आणखी एक कप चहा घेऊ."

खिडकीतून पावणेआठची बस जाताना दिसली. पुढची पावणेदहाला होती.

२

हॅलथॉर्पला सव्वादहाला उतरलो. थांब्यावर दोन माणसं आमची उतरायची वाट बघत अदबीने बाजूला उभी होती. माझं सगळं लक्ष डेसच्या पावलांकडे. त्या दोघांपैकी कुणीतरी त्याच्या कोपराला आधार दिला. मी वर न बघताच थँक्यू म्हटलं, ती दोघं चढली, बस गेली.

चर्चमध्ये एक बाई फुलं लावत होत्या. रविवारच्या कापणीच्या सणाचे भोपळे अजून वेदीपाशी होते. आम्हाला बघून त्या हसल्या आणि ॲप्रनच्या खिशातून काहीतरी काढलं.

"मला वाटलंच तुम्ही परत येणार," त्या म्हणाल्या. "बाकावर राहिला होता. एवढ्या थंडीत एका हातमोज्याने कसं भागणार बाई तुमचं?"

हिरव्या लोकरीचा हातमोजा होता. माझा. म्हणजे माझ्याचसारखा. अंगठ्यापाशी एक टाका सुटलेला, तोही तसाच. मी माझे मोजे इस्पितळाच्या बाकावर बसून विणले होते, आत डेसच्या छातीला नळ्या लावलेल्या असताना. टाका सुटलेला कळला होता, पण उसवून पुन्हा घालायची ताकद नव्हती.

माझे दोन्ही मोजे कोटाच्या खिशात होते. मी खिशात हात घालून चाचपले.

आता सरळ सांगायला काय हरकत होती, की बाई, हा माझा नव्हे, आम्ही आत्ता पहिल्यांदाच इथे येतोय? पण त्या इतक्या खूश झाल्या होत्या. कुणाचा चांगुलपणा त्याच्या तोंडावर खोटा पाडायचा, हे आमच्याकडे चोरीहून वाईट. "किती उपकार झाले," मी म्हटलं आणि मोजा घेतला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

३

चर्चच्या आवारात, थडग्यांच्या कडेच्या बाकावर बसून डेसने तिन्ही मोजे मांडीवर मांडले. एकात हात घालून पाहिला, दुसरा उलटा केला.

"बाजारात मिळत असतील असले," तो म्हणाला.

"सुटलेल्या टाक्यासकट?"

"मग पहिल्या बसने कुणीतरी जोडपं आलं असेल. आपल्यासारखं."

"अगदी आपल्यासारखं?"

"अगं, आपल्यासारखी हजार आहेत. पांढरे केस, पावसाळी कोट, थर्मास. साडेनऊनंतर हा देश त्यांच्याच ताब्यात असतो."

"पण ती पावणेआठच्या बसने आली, डेस."

त्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे तिकीट काढून," तो म्हणाला. "मग तो मी असणं शक्यच नाही."

मी हसले. त्याने तसं म्हटल्यावर सगळंच सोपं वाटलं. थर्मास उघडला, चहा ओतला, समोरच्या शेतात बीट उपटणारं यंत्र चिखलातून येरझारा घालत होतं. डेस त्या यंत्राची माहिती मला सांगत राहिला, जी त्याला नव्हती. अशा वेळी हा माणूस मला फार आवडतो.

पण तो तिसरा मोजा मी माझ्या खिशात घातला नाही. पिशवीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

४

मिन्सबीला एक जुनी पवनचक्की आहे आणि गावकरीच ती हौसेने चालवतात. सव्वाबाराची बस धरून आम्ही तिथे पोचलो. दाढीत पीठ अडकलेल्या एका गृहस्थांनी दार उघडलं, डेसकडे बघितलं आणि काही न बोलता आधी खुर्ची आणून ठेवली.

"बसा साहेब. आता पुष्कळ बरे दिसताय."

"मी?" डेस म्हणाला.

"अकराला तुमचा चेहरा बघून मी घाबरलोच होतो. अगदी या पोत्यासारखा पांढरा. बाईंनी जिभेखाली ते औषध मारलं तेव्हा कुठे रंग आला." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, रागावू नका, पण त्यांना आज एवढं फिरवू नका."

मी पर्स उघडली. फवारा होता तिथेच होता, वरचं प्लॅस्टिकचं सीलसुद्धा न फोडलेलं. फेब्रुवारीपासून एकदाही लागला नव्हता.

मी सांगणार होते, या वेळी खरंच सांगणार होते. पण डेस आधी बोलला. "आता बरं वाटतंय हो," तो नम्रपणे म्हणाला. "तुम्ही केलंत त्याबद्दल थँक्यू."

बाहेर आल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "हो कशाला म्हणालास?"

"बिचारा एवढ्या काळजीने विचारत होता. त्याला वेड्यात कशाला काढायचं?"

"डेस, तुला काही होतंय का? खरं सांग. छातीत, हातात?"

"भूक लागलीये," तो म्हणाला. पण त्याने विनोद केला नाही, आणि मग बराच वेळ माझा हात सोडला नाही.

मला तडक खोलीवर जायचं होतं. पण ही बस एकाच दिशेने फिरते. बाजाराचं गाव, हॅलथॉर्प, मिन्सबी, मग कॉर्नगार्थ आणि पुन्हा बाजाराचं गाव. त्यातून दुपारची फेरी कॉर्नगार्थलाच संपते, कारण मग ड्रायव्हर शाळेची मुलं पोचवायला जातो. कॉर्नगार्थ टाळून घरी जायची वाटच नव्हती. तिथे पावणेतीनला पोचायचं आणि पावणेपाचच्या बसची वाट बघायची.

मी मनाशी हिशेब केला. ती दोघं आमच्या दोन तास पुढे होती. अकराला त्या डेसला त्रास झाला, म्हणजे आमच्या डेसला एक वाजता व्हायला हवा. एक वाजता मी घड्याळ बघत होते. डेस थांब्यामागच्या भिंतीवर बसून सँडविच खात होता, आणि त्यातली काकडी मला देत होता, कारण ती त्याला आवडत नाही. काही झालं नाही. मी स्वतःलाच म्हटलं, ऑड्री, तू वेडी आहेस. आणि तरीही पावणेतीनपर्यंत घड्याळाकडे बघत राहिले.

५

कॉर्नगार्थच्या समाजगृहात गुरुवारी चहा असतो. दारातच भलामोठा नोटीसबोर्ड होता, आणि नोटीसबोर्ड दिसला की डेस तो वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचायला घेतो. त्याला तिथे सोडून मी आत गेले.

स्वयंपाकघरातून एक ठेंगणी बाई हात पुसत लगबगीने आली आणि तिने मला मिठी मारली.

आमच्याकडे अनोळखी माणसं मिठी मारत नाहीत. शेजारीण चाळीस वर्षांनी मारते, तीही कुणी गेलं असेल तर. मी तशीच उभी राहिले. तिच्या केसांना ताज्या पावाचा वास येत होता.

"एवढ्यात कशाला आलात हो?" ती म्हणाली. "टोपी मी पोचवली असती. तुम्ही इस्पितळात थांबायचं होतं, त्यांच्याजवळ."

मी पर्स छातीशी धरली.

"अँब्युलन्सवाले म्हणत होते, त्यांना काही कळलंसुद्धा नसणार. तेवढं लक्षात ठेवा. सव्वा वाजता बाहेर थांब्याच्या बाकावर बसले, मला म्हणाले, 'बाई, चहा मिळेल का?' आणि मी कप घेऊन येते तो..." तिने डोळे पुसले. "किती गोड माणूस. तुमच्याकडे बघून हसत होते शेवटपर्यंत."

तिने खुंटीवरची टोपी काढून पुढे केली. तपकिरी, लोकरी, पुढच्या बाजूला जुन्या ट्रॅमचा बिल्ला लावलेली. तो बिल्ला मी त्याला साठाव्या वाढदिवसाला दिलेला.

खिडकीतून मला डेस दिसत होता. पाठमोरा, नोटीसबोर्डापुढे, डोक्यावर तपकिरी टोपी.

हिच्या दुःखाला खोटं कसं पाडायचं, हा विचार या वेळीही आलाच. पण मी हात पुढे केला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरले, लहान मुलं धरतात तसे. "राहू दे इथेच," मी म्हटलं. "ती माझी नाही."

तेवढ्यात डेस दारातून आत आला. "ऑड्री, इथे शनिवारी बँड आहे," तो म्हणाला.

बाईने त्याच्याकडे बघितलं. मग हातातल्या टोपीकडे. तिने टोपी पुन्हा खुंटीला लावली, ॲप्रन सारखा केला आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने भिंतीतल्या खिडकीतून दोन कप चहा आणि बेदाण्याच्या पावाच्या दोन फोडी, वर चीज ठेवून, पुढे सरकल्या. मग खिडकीची फळी हळूच खाली ओढली गेली.

"स्वभावाने जरा तुटक दिसतेय," डेस म्हणाला.

६

सव्वा वाजता म्हणजे आमच्या सव्वातीनला. घड्याळात तीनला पाच कमी होती.

मी त्याला खुंटीकडे पाठ करून भिंतीजवळच्या मऊ खुर्चीत बसवलं. बाहेरच्या बाकाकडे जाऊ द्यायचं नाही, उठू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पर्समध्ये हात घालून फवाऱ्याचं सील नखाने फोडलं आणि तो मुठीत धरला.

"माझ्याशी बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही. आपण पहिल्यांदा भेटलो ते सांग."

"तुला माहितीये ते."

"तरी सांग."

मग त्याने सांगितलं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी बटाटे सोलत होते, तो मीटर वाचायला आला होता. मी म्हटलं, पाय पुसून ये. तो म्हणाला, पुसले. मी म्हटलं, पुन्हा पूस. तीन वाजले. त्याने पावाची फोड मोडून अर्धी मला दिली. तीन वाजून सात मिनिटं. त्या हेडमास्तरांचं नाव काय होतं यावर तो अडला आणि मी सांगितलं. तीन वाजून बारा. माझी नजर त्याच्या ओठांच्या रंगावर होती. पन्नास वर्षं हा चेहरा समोर असून मी तो इतका नीट कधी बघितला नव्हता, आणि आता तो हातून जाणार असेल तर कुठलाही पास, कुठलाही समुद्र, काही नको होतं मला.

सव्वातीन वाजले. डेसने जांभई दिली. हनुवटीला चिकटलेला बेदाणा काढला, बघितला आणि खाल्ला.

तीन वाजून वीस.

मला रडू कोसळलं.

"काय झालं? पावात खडा लागला?"

"माझं तुझ्यावर फार प्रेम आहे रे."

"माहितीये," तो म्हणाला. "म्हणून तर त्या दिवशी मीटर दोनदा वाचला."

त्याने रुमाल दिला. मी त्याला सगळं सांगून टाकलं, टोपीचंसुद्धा. खुंटीकडे त्याने एकदाच मान वळवून बघितलं. स्वतःच्या टोपीला हात लावला.

"मग मी हट्ट केला ते बरंच झालं म्हणायचं," तो म्हणाला. "पावणेआठची घेतली असती तर..."

"हट्ट तू सोडला होतास. मी म्हटलं राहू दे."

"हो. तूच म्हणालीस," तो म्हणाला. मला वाटलं, संपलं. जे व्हायचं ते त्यांचं झालं, आपण सुटलो. दुसऱ्याच्या घरावर वीज पडावी आणि आपण खिडकी लावून घ्यावी, तसं हलकं वाटलं मला. याची लाज नंतर वाटली.

७

पावणेपाचला थांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाकावर आम्ही बसलो नाही.

तिथल्या थांब्यावर हात केल्याशिवाय बस थांबत नाही, आणि हात करायचा मान डेसचा. लांबवर उतारावर बस दिसली तसा तो ऐटीत पुढे सरला. ऊन कलतं होतं, समोरच्या काचेवर चमकत होतं. बस झाडांच्या सावलीत आली, चमक गेली आणि मला पुढच्या सीटवर बसलेली बाई दिसली. ती सीट आमची. बसमध्ये चढलो की आम्ही तीच धरतो.

बाईच्या शेजारची जागा रिकामी होती. तिने त्या जागेवर पिशवी ठेवली नव्हती. कुणी येऊन बसेल अशी ती मोकळी ठेवलेली होती.

तेव्हा मला त्या ठेंगण्या बाईचं बोलणं नीट उमगलं. टोपी न्यायला ही बसमधली बाई येणार होती. अजून आली नव्हती.

डेसचा हात वर जात होता. मी तो पकडला आणि माझ्या कोटाच्या खिशात कोंबला, माझ्या हातासकट.

"अगं! बस..."

"जाऊ दे ती."

"शेवटची आहे ऑड्री!"

बस आमच्या पुढून गेली. काचेमागच्या बाईने मान वळवली. माझा कोट, माझे केस, आणि माझा चेहरा, पण मी तो असा कधी पाहिला नव्हता. आजच्या दुपारी माझ्या वाटणीचं जे आलं नाही ते सगळं त्यावर होतं. मी तिला दिसलेच नाही. ती फक्त डेसकडे बघत होती. तिने तळहात काचेला लावला.

मग बस पुढे गेली, आणि मला आतली घंटा ऐकू आली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

वळणावर बसचे लाल दिवे लागले.

"थांबली," डेस म्हणाला. "चल, आपल्यासाठीच थांबवली कुणीतरी."

"नाही. इकडे, गावाकडे चल. लवकर."

"लवकर चालायचं नाही म्हणून कोण ओरडतं रोज?"

तेच तर होतं. मी त्याला ओढू शकत नव्हते. दहा पावलं गेलो आणि त्याला दम लागला. तो थांबला, मी थांबले. मागे बस निघून गेल्याचा आवाज आला आणि मग रस्त्यावर पावलांचा. घाईची पावलं, पण डावा पाय किंचित ओढत. थंडी पडली की माझाही गुडघा तसाच धरतो.

"ऑड्री, कुणीतरी बाई येतायत मागून," डेस म्हणाला. "हात करतायत आपल्याला."

"बघू नकोस."

"असं कसं? कुणी हात केला तर थांबायला नको का? काही राहिलं असेल बिचारीचं."

आणि तो वळला. थकलेला होता तरी ताठ उभा राहिला, टोपी सारखी केली, अनोळखी बायकांशी बोलण्याआधी करतो तशी. मी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले, त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून. ती आता धावत होती. माझ्या वयाची बाई जेवढं धावू शकेल तेवढं.

मला तिची भीती वाटली, पण राग येईना. तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा उतरले असते. आणि मधे कुणी उभी असती, तर तिला बाजूला सारताना मी एकदाही माफ करा म्हटलं नसतं.